मधला देश

वृंदावन हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला, की यमुनेचा काठ त्याच्या डोळ्यांपुढे मागाहून येतो. आधी उभे राहते ते अंगणातले तुळशीचे वृंदावन. लखनौ शहरात रायबरेलीच्या रस्त्यावर उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसवलेली 'वृंदावन योजना' या नावाची एक मोठी वसाहत आहे. २०२० सालच्या फेब्रुवारीत संरक्षणसामग्रीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले ते येथेच. लखनौला मराठी माणूस नवखा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच शहरात संगीताचे महाविद्यालय सुरू केले, तेव्हापासून आणि त्याही आधीपासून मराठी कुटुंबे येथे येत आहेत, राहत आहेत आणि रुजत आहेत.

वृंदावन योजनेत असेच एक मराठी कुटुंब राहते आहे, असे श्रोत्यांनी क्षणभर मानावे. वडील सेवानिवृत्त आहेत. मुलगा इंजिनियर असून पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, अक्रा शहरी, काही वर्षे नोकरीस आहे. तेथील एका शिक्षिकेशी त्याने रीतसर विवाह केला. आता आईवडिलांचे वय झाले, म्हणून पत्नीसह कायमचे घरी परतावे असा बेत त्याने केला आहे. विवाहाची नोंद झाली, अक्रा येथील भारतीय उच्चायुक्तालयातून सूनबाईंना एंट्री व्हिसा मिळाला, तिकिटांची चौकशी सुरू झाली. लखनौस आईला वाटते, आता काळजी संपली. ती दूरध्वनीवर विचारते, "अरे, सुनेचा व्हिसा झाला ना? मग आता अडले कोठे?" मुलगा उत्तर देतो, "आई, घरचा व्हिसा झाला. वाटेचा अजून व्हायचा आहे."

हा वाटेचा व्हिसा, म्हणजेच ट्रान्झिट व्हिसा, पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. निघायचा देश ठाऊक असतो, पोचायचा देश ठाऊक असतो. मधला देश हा केवळ विमान बदलण्याचा ओटा, असे प्रवासी समजतो. मधला देश मात्र तसे समजत नाही.

या अडचणीचे मूळ पाहू गेल्यास थोडे मागे जावे लागते, आणि त्यासाठी लखनौ सोडण्याचेही कारण नाही. स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे १९१३ साली जन्मलेली ईव्ह इव्हॉन माडे ही तरुणी एका मराठी लष्करी अधिकाऱ्यावर, विक्रम खानोलकर यांच्यावर, अनुरक्त होऊन भारतात आली. वडिलांचा विरोध होता. तरी १९३२ साली लखनौ येथेच त्या दोघांचा विवाह झाला. ईव्हच्या सावित्रीबाई खानोलकर झाल्या. त्यांनी मराठी आत्मसात केली, महाराष्ट्रातील संतांवर ग्रंथ लिहिला, आणि स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च रणपदकाची, परमवीर चक्राची, आकृती त्यांनीच रेखाटली. दधीचीच्या अस्थींपासून घडवलेले इंद्राचे वज्र त्या पदकावर आले ते या स्विस कन्येच्या कल्पनेतून.

त्या काळचा विवाहविषयक कायदा आजच्याहून अगदी वेगळा होता. अनेक देशांत असा नियम होता, की स्त्रीने परदेशी पुरुषाशी लग्न केले म्हणजे तिचे माहेरचे नागरिकत्व जाई आणि नवऱ्याचे तिला लागे. स्वित्झर्लंडमध्येही १९५२ पर्यंत सर्वसाधारणपणे हीच स्थिती होती. कित्येक देशांत नवरा आणि बायको मिळून एकच पासपोर्ट काढीत. त्यात नवऱ्याचे नाव ठळक, आणि 'सोबत पत्नी' अशी तिची नोंद. प्रवासाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती यात शंका नाही. नवरा जेथून जाईल तेथून बायको जाई. परंतु त्या सोयीची किंमत स्त्री देत होती. लग्नाच्या एका सहीनिशी ती आपल्या जन्मभूमीला परकी होई. आणि पुढे वैधव्य आले किंवा घटस्फोट झाला, तर तिला धड हा देश नसे, धड तो.

हा अन्याय जगाच्या ध्यानी हळूहळू आला. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने १९५७ साली विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वाविषयीचा करार झाला. केवळ विवाहामुळे स्त्रीचे नागरिकत्व आपोआप बदलणार नाही, हे त्याचे मुख्य तत्त्व. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदाही याच मताचा आहे. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्व आपोआप लागत नाही. ते हवे असल्यास सध्याच्या तरतुदीप्रमाणे सात वर्षे भारतात वास्तव्य करून मग अर्ज करावा लागतो. तोपर्यंत ती आपल्या मूळ देशाचीच नागरिक राहते.

म्हणजे आज संसार एक असला, तरी पासपोर्ट दोन असतात. वाटेवरच्या प्रत्येक दारी ते दोन निरनिराळे उघडले जातात आणि निरनिराळे वाचले जातात. अक्राहून निघणाऱ्या त्या दांपत्याची अडचण ही अशी स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या पोटी जन्मली आहे. अडचण म्हणून ती जाचक खरी. पण ती टाळण्यासाठी जुन्या काळाकडे परत जावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही.

आता मधला देश नेमके काय विचारतो? त्याचा प्रश्न एकच असतो: 'येथून पुढे तुम्हांला कोणी घेणार आहे ना?' पुढचे दार बंद असेल, तर आलेला प्रवासी आपल्याच ओसरीवर राहील, ही त्याची धास्ती. या एका प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून असल्याचे उदाहरण इतिहासात आहे. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरी हजारो ज्यू निर्वासित अडकून पडले होते. तेथील डच प्रतिनिधी यान झ्वार्तेंडिक यांनी, क्युरासाओ या दूरच्या डच बेटावर जाण्यास व्हिसा लागत नाही, असे त्यांच्या कागदांवर लिहून दिले. तेवढ्या आधारावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी, वरिष्ठांच्या सूचना बाजूला सारून, जपानमार्गे जाण्याचे दोन हजारांवर ट्रान्झिट व्हिसा दिले. क्युरासाओला जवळजवळ कोणीच गेले नाही. परंतु कागदावर शेवटचे गाव होते, म्हणून मधले दार उघडले, आणि माणसे वाचली.

या प्रसंगातून सामान्य प्रवाशालाही एक क्रम शिकता येतो: आधी अखेरच्या देशाचा परवाना, नंतर वाटेचा. सूनबाईंच्या पासपोर्टावर भारताचा व्हिसा उमटल्याशिवाय मधल्या देशाकडे अर्ज करण्यात अर्थ नाही.

अक्राहून लखनौला येण्याच्या वाटा अनेक आहेत. युरोपातून यावे, तर शेंगेन गटातील देशांनी २००९ साली केलेल्या व्हिसा-संहितेत काही देशांची एक सामाईक यादी आहे. त्या देशांच्या नागरिकांना, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता केवळ विमान बदलायचे असले तरीही, विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा लागतो. घानाचे नाव त्या यादीत आहे. भारताचे त्या सामाईक यादीत नाही. मात्र एखादा देश आपल्यापुरती यादी वाढवू शकतो. तेव्हा एकाच विमानातून उतरलेल्या नवऱ्याला वाट मोकळी आणि बायकोला बंद, असा प्रसंग सहज घडू शकतो. नियमाला अपवाद आहेत. कॅनडा, जपान किंवा अमेरिका यांचा चालू व्हिसा असलेल्यांना काही सवलत आहे, युरोपीय संघाच्या नागरिकाच्या पत्नीलाही आहे. भारतीयाच्या पत्नीला, केवळ ती त्याची पत्नी आहे म्हणून, अशी सवलत नाही. आणखी एक खोच अशी, की शेंगेन देशांतील दोन शहरी विमान बदलायचे असेल, तर हा विमानतळापुरता व्हिसाही पुरत नाही. त्या दोन शहरांमधला प्रवास देशांतर्गत समजला जातो, आणि त्यासाठी प्रवेशाचाच व्हिसा हवा.

लंडनमार्गे यावे, तर ब्रिटनच्या यादीत घाना आहे आणि भारतही आहे. काही अपवाद सोडता दोघांनाही तेथे वाटेचा परवाना काढावा लागतो. अमेरिकेची तऱ्हा याहून निराळी. तेथे केवळ विमान बदलणाऱ्यांसाठी वेगळा बंदिस्त भागच नाही. जो उतरला त्याला देशात प्रवेश करूनच पुढे जावे लागते.

आखाताची वाट सामान्यतः सोपी. एकाच तिकिटावर, विमानतळाच्या आत राहून, दुबईत विमान बदलणाऱ्याला व्हिसा लागत नाही. पण दोन पैसे वाचवण्याच्या मोहाने दोन वेगळी तिकिटे घेतली, अक्राहून दुबईचे एक आणि शारजाहून लखनौचे दुसरे, की सारा हिशोब फिरतो. त्या दोन विमानतळांत अंतर थोडे. पण मध्ये एक देश उभा असतो आणि त्यात शिरण्याची परवानगी लागते. सामान स्वतः ताब्यात घेऊन पुन्हा नोंदवावे लागत असेल, तर एकाच विमानतळावरही तीच गत होऊ शकते.

श्रोत्यांना असे वाटेल, की या साऱ्याची तपासणी त्या मधल्या देशात होत असेल. प्रत्यक्षात ती निघतानाच होते, आणि ती करतो विमान कंपनीचा कर्मचारी. कारण अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणून सोडला, तर बहुतेक देश विमान कंपनीस दंड करतात आणि त्याला परत न्यायलाही लावतात. भारतानेही २००० साली तसा कायदा केला होता; २०२५ च्या आप्रवास व विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यात आता त्याचा समावेश झाला आहे. म्हणून काउंटरवरचा तो तरुण संगणकावर नियम पडताळून पाहतो आणि क्वचित नम्रपणे सांगतो, "साहेब, आपण जाऊ शकता, बाईंना जाता येणार नाही." त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. घर आवरलेले, निरोप झालेले, सामान बांधलेले. आणि दोघे नवराबायको दोन पासपोर्ट हाती धरून एका रेघेच्या अलीकडे उभे. ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच.

यावर तोडगा साधा आहे. मार्ग निवडायचा तो दोघांपैकी ज्याच्या पासपोर्टाला अधिक दारे बंद, त्याच्या सोयीने. तिकीट एकच असावे. तिकिटावरचे नाव पासपोर्टावरचेच असावे. लग्नात ठेवलेले नवे नाव कितीही गोड असले, तरी पासपोर्ट बदलेपर्यंत ते घरच्या हाकेपुरते राखावे. विवाहाच्या नोंदीचा दाखला हातातल्या पिशवीत असावा, मोठ्या पेटीत नव्हे. आणि नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी मधल्या देशाच्या वकिलातीकडे आणि विमान कंपनीकडे, दोन्हीकडे, विचारणा करावी.

एका बाबतीत मात्र कायदा नवराबायकोत भेद करीत नाही, कारण डासही करीत नाहीत. घाना हा पीतज्वराच्या प्रदेशातील देश. तेथून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रत्येकाजवळ पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. वाट अदिस अबाबावरून असली, तर इथिओपियाही त्याच प्रदेशात मोडतो, हे लक्षात ठेवावे.

दिल्लीस उतरून पुढे लखनौचे विमान घ्यायचे असल्यास प्रवेशाची तपासणी दिल्लीसच होते. तेथून पुढे सूनबाई परदेशी वाटसरू उरत नाहीत, भारतात आलेल्या होतात. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर १४ दिवसांच्या आत विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. ते कार्यालय लखनौस आहे. विवाहाची नोंद होऊन दोन वर्षे लोटली, आणि संसार अखंड चालू असला, म्हणजे परदेशस्थ नागरिकाचे, म्हणजेच ओसीआय, कार्ड मागता येते.

एवढे सारे पार पडल्यावर एके दिवशी अमौसीच्या विमानतळावरून एक गाडी वृंदावन योजनेत येऊन थांबेल. दाराशी तांदळाचे माप ठेवलेले असेल. अक्रापासून इथवर प्रत्येक उंबरठ्याने त्या मुलीला विचारले असेल, 'तू कोणत्या देशाची? पुढे तुला कोण घेणार?' हा शेवटचा उंबरठा तसले काही विचारणार नाही. सासूबाई हात धरून एवढेच सांगतील, "उजवा पाय आधी, हं बाळ." पासपोर्ट तिचा तिच्याजवळच राहील, तिच्या माहेरचा; आणि माप ओलांडून ती घरात येईल.