भिंतीवरचा अनुस्वार

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवायला सुरुवात केली आणि त्या खेळाला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ती त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ला. नाव जिभेला जड खरं, पण शांबरी म्हणजे माया, हे ज्याला ठाऊक त्याला आत काय आहे ते कळत होतं. आज नवी मुंबईतल्या एखाद्या सोसायटीची मंडळी वर्गणीच्या पैशांतून प्रोजेक्टर घ्यायला निघतात आणि खोक्यावरचे शब्द वाचून विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहत राहतात.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. पण नेरुळला आमचं महिन्यातून एकदा काव्यवाचन असतं. येणाऱ्यांतले बरेच सत्तरी ओलांडलेले. ऐकू कमी येतं, म्हणून कवी वाचत असताना ओळी भिंतीवर दाखवतो. उर्दू गझल असेल तर तीही देवनागरीत. आता ‘रंग’वरचा अनुस्वार पुसट झाला की उरतो ‘रग’! त्यामुळे हे शब्द मला शिकावेच लागले.

पहिला शब्द रिझोल्युशन. भिंतीवरचं चित्र ठिपक्यांचं असतं, रांगोळीसारखं. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण वीस लाखांहून अधिक. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘सपोर्ट्स १०८० पी’ असतं, तिथे थांबावं. त्याचा अर्थ इतकाच की हे यंत्र तसं चित्र आत घेतं. बाहेर किती ठिपक्यांनी काढतं, ते ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं, बहुधा बारीक टाइपात. तिथे ८०० बाय ४८० असेल तर ठिपके चार लाखही भरत नाहीत. सिनेमातला नायक तेवढ्यात ओळखू येईल. वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचे मात्र हाल होतात.

दुसरा शब्द लुमेन, उजेडाचं माप. एक मेणबत्ती साधारण बारा लुमेन उजेड देते. तीन हजार लुमेन म्हणजे अडीचशे मेणबत्त्या, पण हा उजेड सगळ्या पडद्यावर वाटला जातो. पडद्याची रुंदी आणि उंची दुप्पट केली की उजेड एक चतुर्थांश उरतो. स्वस्त यंत्रांवर कधी कधी आतल्या दिव्याचाच आकडा छापतात. ‘अॅन्सी लुमेन’ असं लिहिलं असेल तर पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून काढलेली ती सरासरी असते. आमच्याकडे दिवे पूर्ण घालवता येत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना उठायचं असतं. म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

‘थ्रो रेशो’ हा साधा भागाकार आहे: प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो दीड आणि चित्र सहा फूट रुंद हवं, तर यंत्र नऊ फुटांवर. खोली मोजून मगच दुकानात जावं.

कीस्टोन म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, वर रुंद आणि खाली निमुळता. प्रोजेक्टर खालून तिरका वर धरला की चित्र तसंच दिसतं. बटण दाबून ते चौकोनी करता येतं, पण त्यासाठी यंत्र ठिपके दाबून बसवतं आणि अक्षरांची धार जाते. पुस्तकांची चळत लावून यंत्र सरळ ठेवणं बरं.

आता जोडणी. निळी, दोन स्क्रूंची व्हीजीए आयबीएमने १९८७मध्ये आणली, ती फक्त चित्र नेते. एचडीएमआय चित्र आणि आवाज दोन्ही नेते. वाय-फायवरून पाठवायचं तर मोबाइल आणि प्रोजेक्टर बहुतेक वेळा एकाच नेटवर्कवर लागतात, आणि हे नवी मुंबईकराला समजायला सोपं आहे. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टर पुन्हा एकपासून मोजले. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीतही आहे. नुसतं ‘सेक्टर १०’ म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, कुठला? आयपी अॅड्रेसचं तसंच. १९२.१६८.१.१० हा पत्ता तुमच्या घरी असेल आणि शेजाऱ्यांकडेही. दोन्ही आपापल्या नेटवर्कपुरते खरे. सभागृहाचं ‘गेस्ट’ वाय-फाय हा असाच निराळा नोड. मोबाइल त्यावर आणि प्रोजेक्टर कार्यालयाच्या वाय-फायवर, मग गाठ कशी पडणार? ‘मिराकास्ट’ असेल तर दोघं थेट बोलतात, पण आयफोनला ते चालत नाही, त्याला ‘एअरप्ले’ लागतं.

दुकानात जाताना आपलंच देवनागरी पान पेनड्राइव्हवर न्यावं, पीडीएफ करून. नाहीतर फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दिवे चालू ठेवायला सांगावं आणि शेवटच्या रांगेच्या अंतरावरून वाचून पाहावं. आमच्या सभागृहात वाय-फायपेक्षा वायरच भरवशाची ठरली. साधी एचडीएमआय वायर फार लांब नेली की चित्र तुटायला लागतं, तेव्हा यंत्र आणि लॅपटॉप शक्य तितके जवळ ठेवावेत. आणि वायर चालण्याच्या वाटेवरून न्यावी लागलीच, तर ती चिकटपट्टीने जमिनीला पुरती चिकटवावी. काठी टेकत येणारे लोक असतात.