मालक डिसेंबरचा, बाग पावसाळ्याची
(रेडिओवरील भाषण)

परदेशातल्या सुटीच्या घराची टप्प्याटप्प्यांची बाग कशी राखायची, हा विषय घेऊन वाशिम जिल्ह्यातल्या श्रोत्यांपुढे बसलो, तर कुणीही म्हणेल, "बाप्पा! आमच्यातल्या कोणाचं घर आहे परदेशात?" पण जरा उलट्या बाजूनं पाहा. मानोरा, मालेगाव, मंगरूळपीरकडची कितीतरी मुलं आज पुण्याला, बंगळुरूला आहेत. काही दुबईला, काही पार अमेरिकेत. त्यांच्यासाठी परदेशातलं सुटीचं घर म्हणजे हे इथलंच. आईवडील होते तोवर ते नुसतं घर होतं. मग कुलूप लागलं. चार-पाच वर्षांनी कुलूप निघालं, रंग लागला, मागचा उतार बांधून टप्पे झाले, टप्प्यांवर झाडं आली, आणि ते वर्षाकाठी पंधरा दिवसांचं घर झालं. माझ्या चुलतभावाची अशी एक बाग आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे बोलतोय ते पुस्तकातलं कमी आणि उतारावरचं जास्त.

कायद्याची गोष्ट आधी सांगून मोकळा होतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथं शेतजमीन किंवा फार्महाऊस नव्यानं विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा कायदा, ज्याला फेमा म्हणतात, तो आडवा येतो. वारशानं आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणून अशा बागा बहुतेक वडिलोपार्जित तुकड्यावरच दिसतात. आता वाटणीत कोणता तुकडा कोणाकडे जातो, हे तुम्हाला सांगायला नको. काळं सपाट वावर कसणाऱ्या भावाकडे राहतं आणि बरडीचा उतार दूरच्या भावाकडे जातो. त्याचीही तक्रार नसते. त्याला तिथून सूर्यास्त दिसतो.

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरात निघते आणि उत्तरेला अकोल्याकडे, पूर्णेत जाते. तिचं पाणी तापीतून अरबी समुद्रात. अडाण आणि अरुणावतीही इथल्याच, पण त्यांचं पाणी पैनगंगेच्या वाटेनं गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. माथ्यावर राहायचं म्हणजे पाणी आपल्याकडे येत नाही, आपल्याकडून जातं, आणि जाताना माती घेऊन जातं. पाऊस वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एखाद्या रात्री पन्नास मिलिमीटर पडला, तर एका गुंठ्यावर पाच हजार लिटर पाणी पडतं. ट्रॅक्टरमागचं एक टँकर म्हणा. पाच गुंठ्यांची बाग असेल तर पाच टँकर, एका रात्रीत. घराच्या स्लॅबवरचं पाणी वेगळंच, आणि त्याचा पाइप बहुतेक ठिकाणी गवंड्यानं सर्वांत वरच्या टप्प्यातच सोडून दिलेला असतो!

मालक कधी येतो? डिसेंबरात. थंडी छान, तूर भरलेली, हुरड्याचे दिवस जवळ आलेले, टप्पे कोरडे ठणठणीत. त्याला बाग दिसते ती तिच्या सर्वांत निवांत महिन्यात. पोरांच्या शाळेमुळे कधी जूनमध्ये आलाच, तर पहिल्या सरीला ओसरीत बसून भजी खातो. भर पावसात छत्री घेऊन खालच्या पौळीपाशी जाऊन उभा राहिलेला परदेशातला मालक मी अजून पाहिलेला नाही. बागेला जे काही व्हायचं, ते तेव्हा आणि तिथंच होतं.

पौळ म्हणजे मातीचुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड बसवून रचलेली भिंत. आपल्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही. वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर रचलेले तुम्ही पाहिलेच असतील. ही भिंत टिकते कारण ती गळते. मागचं पाणी दगडांच्या फटींतून हळूहळू बाहेर येतं, आणि भिंतीवर फक्त मातीचा भार राहतो, पाण्याचा नाही. पैसे असलेला मालक मात्र म्हणतो, सिमेंटची बांधा, कायमची होईल. सिमेंटच्या भिंतीत पाणी जायला तळाशी भोकं ठेवली नाहीत, किंवा ठेवली आणि मातीनं बुजली, तर तिच्यामागे पाणी तुंबतं. त्यात मागे भराव काळ्या मातीचा असेल तर बघायलाच नको. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, पुढच्या पावसात त्या भेगांतून पाणी थेट खोलवर जातं आणि ती पुन्हा फुगते. दरवर्षी ती भिंतीला थोडं थोडं पुढे ढकलते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंत पोट काढते. म्हणून भिंतीच्या पाठीला हातभर तरी गोटे आणि जाड मुरूम भरायचा, काळी माती त्याच्या मागे, झाडांपुरती.

पौळ रचताना पाया मुरूम लागेपर्यंत खोदायचा. पाच फूट उंचीला तळाशी अडीच फूट तरी रुंदी हवी, आणि चढताना भिंतीचा कल आत, उताराकडे, दर फुटाला इंच-दीड इंच. मधून मधून लांब दगड आडवा घालायचा, ज्याचं शेपूट आत मातीत जाईल. फटींत चिपा ठोकायच्या. वडार समाजातल्या जुन्या कारागिरांना हे सांगावं लागत नाही. दगड हातात घेऊन फिरवतात आणि त्याचं तोंड कुठलं ते त्यांना कळतं. असे हात आता कमी राहिलेत. जे आहेत ते शहरातल्या बांधकामावर जातात, कारण तिथं रोज मिळतो; तुमच्या बागेत मिळणार तो वर्षातून चार दिवस.

भिंतीपेक्षाही महत्त्वाची आहे ती पाण्याची वाट. प्रत्येक टप्पा किंचित मागे, डोंगराकडे ढाळलेला, मागे उथळ नाली, आणि ती नाली एका बाजूच्या दगडी सांडव्यात. सांडव्याला खाली पाणी आदळतं तिथं मोठे गोटे अंथरलेले. हे नसेल तर पाणी स्वतःची वाट स्वतः काढतं, आणि ती नेमकी भिंतीवरून असते. शिवाय रानडुकरं. कंदांसाठी, गांडुळांसाठी ती पौळीचा पायाच उकरतात. रोही निदान झाडच मोडून जातो. डुकराचं काम मात्र पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

मालक दूर गेला की टप्प्यांचं काय होतं, हे पाहायला इटलीपर्यंत जाता येईल. तिथं समुद्राला लागून चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत. कोरड्या दगडी भिंतींच्या टप्प्यांवर द्राक्षं. युनेस्कोनं 1997 साली तो प्रदेश जागतिक वारसा ठरवला. पण माणसं शहराकडे गेली, द्राक्षं राखणारे हात कमी झाले, खूपसे टप्पे पडीक झाले आणि भिंती ढासळत गेल्या. 25 ऑक्टोबर 2011 ला भयंकर पाऊस झाला आणि वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो या गावांच्या गल्ल्या चिखलानं भरून गेल्या. दोष एकट्या पडक्या भिंतींचा नव्हता, पाऊसच तसा होता. पण न राखलेला उतार अशा वेळी सावरत नाही. 2018 साली कोरड्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, युरोपातल्या आठ देशांच्या नावानं. आपली पौळ त्यात नाही. यादीवाचून तिचं काही अडलेलं नाही, चिपांवाचून अडतं.

आणि दूर जाणारे फक्त परदेशातलेच नसतात. पोहरादेवीच्या भोवतालच्या तांड्यांवरून कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. घराला कुलूप त्यांच्याही असतं. पण ती मृगाच्या आधी परत येतात. म्हणजे उताराला माणूस लागतो त्या महिन्यांत ती हजर असतात आणि नाही लागत तेव्हा बाहेर. सुटीच्या घराचा मालक याच्या अगदी उलटा. मला वाटतं, बाग लावण्याआधी मालकानं आपली गैरहजेरी कोणत्या महिन्यांत आहे ते कॅलेंडरवर पाहावं आणि बाग त्या महिन्यांसाठी लावावी.

लॉन नको. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, विहिरीला पाणी नसतं, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर गवताला पाणी घालणं बरंही दिसत नाही. संत्र्याचा मोहही नको. आपल्याकडे संत्रा होतो, चांगला होतो, पण ताण कधी द्यायचा, कधी तोडायचा हे रोज पाहणाऱ्याचं पीक आहे. उताराला सीताफळ लावा. मुरमात येतं, पाल्याला जनावर तोंड लावत नाही. आवळा, बोर, कडेला करवंद. टप्प्याच्या ओठावर वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. आंबा हवाच असेल तर दोन-तीन, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस आधी ठरवून. ठिबक बसवलं की काम झालं, असं परदेशातून वाटतं. नळ्या खारी कुरतडतात, फिल्टर गाळानं बंद पडतो, लाइट कधी दिवसा असते कधी रात्री. मोबाइलवरून मोटर चालू होते हे खरं; पाणी झाडापर्यंत पोचलं का, ते मोबाइल सांगत नाही.

माझा भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "दादा, जास्वंद दाखव." मी दाखवतो. आता मी त्याला अट घातली आहे: आधी नाली बघायची, मग जास्वंद.

राखणदाराचं म्हणाल, तर बरेच मालक त्याला महिन्याला सारखे पैसे देतात आणि डिसेंबरात येऊन कपडे-मिठाई देतात. उलट करा. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा मेहनताना जास्त ठेवा, कारण रात्रीचा पाऊस झाला की पहाटे सांडव्यातला पालापाचोळा त्यालाच काढावा लागतो. सीताफळं त्याची. तुम्ही पोचेपर्यंत तशीही ती संपलेली असतात. काही जण कूळ लागेल या भीतीनं कागदच करत नाहीत. मग भांडण झालं की दोघांकडेही काही नसतं. वकिलाला विचारून साधा करार करा, त्यात काम काय, पैसे किती, हे लिहा.

आपल्याकडे सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरतं. या बागेचंही तेव्हाच ठरवावं, फोनवर का होईना. पौळ रचणाऱ्याचे चार दिवसही तेव्हाच बोलून घ्यावेत. वैशाखात तो लग्नांत असतो आणि रोहिणी लागल्यावर प्रत्येकालाच त्याची आठवण होते.