कुत्र्यांचा विषय आणि बायकांची वेळ

(नगरसेविका आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या वर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'मोकाट कुत्री' हे शब्द वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन यांवर बोलणाऱ्या आपण. हा विषय आपला कसा? तो आपला आहे, आणि नगरपालिकेच्या सभागृहात तो आपल्याला वगळून बोलला जातो, एवढंच मला आज मांडायचं आहे.

२०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण पुढे अनेक ठिकाणी मुदत संपूनही निवडणुका झाल्या नाहीत, वर्षानुवर्षं प्रशासक बसले आणि ठराव एका सहीने होत राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा कुठे सभागृहं पुन्हा भरली. त्यानंतर एका नगरपरिषदेची सभा मी प्रेक्षकांत बसून ऐकली. कुत्र्यांवर पाऊण तास खडाजंगी झाली. एक बाजू म्हणाली, गाडी भरा आणि घाटापलीकडे सोडून या. दुसरी म्हणाली, मुक्या जिवाचा तळतळाट लागेल. अधिकाऱ्यांनी न्यायालयाचं नाव घेऊन हात वर केले. निम्म्या बायका असलेल्या त्या सभेत दोघीच बोलल्या. त्यातली एक, पहिल्यांदाच निवडून आलेली, म्हणाली, "आमच्या वॉर्डात पहाटे पाचला बाया संडासला जातात, तेव्हा एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काठी असते." सभागृहात हशा पिकला. इतिवृत्तात तिच्या नावापुढे 'चर्चेत भाग घेतला' एवढंच आलं.

त्या हशाबद्दल मला जरा बोलायचं आहे. कुत्र्यांच्या टोळ्या रस्त्यावर धीट होतात त्या रात्री आणि पहाटे. त्या वेळी रस्त्यावर कोण असतं? झाडूवाल्या, कचरा वेचणाऱ्या, रात्रपाळीहून परतणाऱ्या नर्स, मंडईत माल उचलायला निघालेल्या भाजीवाल्या, आणि घरात संडास नसलेल्या सगळ्याजणी. सभागृहात 'नागरिक' म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो सकाळी साडेसहाला फिरायला निघतो. त्याची तक्रार खोटी नाही, पण त्याच्याकडे पर्याय असतो. कचरा वेचणारीकडे नसतो. ती आणि कुत्री एकाच ढिगावर पोट भरत असतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून या बाया सांगत आल्या आहेत की ओला-सुका कचरा दारातच वेगळा करून आमच्या हातात द्या. कुत्र्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या मागणीत आहे, असं माझं मत आहे. ढीग राहिला की कुत्रं राहणारच.

आता चावल्यानंतरचं. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हे पहिलं औषध. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वस्तीत हे सांगते तेव्हा बायका विचारतात, "ताई, नळ तासभर येतो, पंधरा मिनिटं कुठून आणू?" (तुम्ही कळशीने ओतत राहा, पण धुवा.) मग लस. त्वचेत देतात ती त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे, असं भाषणात सांगितलं जातं. फुकट लशीच्या चार फेऱ्या, म्हणजे चार दिवसांचा रोज, चार वेळा रिक्षा आणि चार वेळा घरकामाच्या बाईकडे मागितलेली सुट्टी. जखम खोल असेल तर जखमेत सिरमही द्यावं लागतं. आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईला ते तालुक्याच्या दवाखान्यात मिळालं नाही. कडेवर लेकरू घेऊन ती रात्री एस.टी.ने जिल्ह्याला गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा धोका असलेला चावा ज्यांना होतो त्यांत सुमारे चाळीस टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात. त्या मुलांना घेऊन रांगेत कोण उभं राहतं, हे तुम्हाला सांगायला नको. आणि रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपचार नाही, म्हणून यातली एकही फेरी चुकवता येत नाही.

दुसऱ्या बाजूलाही बाईच आहे. कुत्र्यांना पोळी घालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने दिसतात, बऱ्याचजणी एकट्या. आमच्याकडे आलेली एक विधवा बाई रोज रात्री सहा कुत्र्यांना भात घालायची. त्यांतल्या पाचांचं निर्बीजीकरण तिने स्वतःच्या पेन्शनमधून केलं होतं. सोसायटीतल्या पुरुषांनी तिचं चित्रीकरण केलं, ते व्हॉट्सअॅपवर फिरवलं आणि खाली जे लिहिलं त्यात कुत्र्यांबद्दल एक ओळ नव्हती. नवरा नाही, पोर नाही, रात्री बाहेर काय करते, हे होतं. कुत्र्याचा राग आणि एकट्या बाईचा राग किती सहज एकत्र होतात! पोलीस चौकीत तिला सांगितलं, "एवढी माया असेल तर घरात न्या." खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री दत्तकच घ्यावीत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की खाऊ घालण्याची जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि दारापासून दूर, आणि मुलं-म्हातारी कमी असतात अशा वेळी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी प्रत्येक वॉर्डात अशा ठरावीक जागा करायला सांगितलं. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं, पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री मात्र हलवायची आणि तिथे परत सोडायची नाहीत. (ठराव मांडण्यापूर्वी त्यानंतरचे आदेशही वकिलांकडून पाहून घ्या. हा विषय दर काही महिन्यांनी हलतो.)

म्हणजे 'न्यायालयाने हात बांधलेत' हे अर्धसत्य आहे. जागा ठरवणं, शस्त्रक्रिया, लस, निवारा, ही सगळी कामं नगरपालिकेवरच टाकलेली आहेत. चावलेली बाई आणि भात घालणारी बाई एकमेकींवर तुटून पडल्या की ज्याने काम करायचं तो मधल्या मध्ये सुटतो.

मारून प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या आवारात शिरू लागले. पारशी समाजाला कुत्रा पवित्र. जूनमध्ये कोटभागात दंगा झाला, बाजार बंद पडला आणि सैन्य बोलवावं लागलं. त्यानंतरही अनेक दशकं आपल्या नगरपालिका कुत्री मारतच होत्या. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री १२.७६ लाख भरली. रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात, कारण ढीग तिथेच असतो. उलट एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते. हे काम नेटाने, सलग करावं लागतं. वर्षाला चार-दोन गाड्या फिरवून भागत नाही.

आणखी एक सावधगिरी. सभागृहात 'उपद्रव' हा शब्द एकदा सुटला की तो कुत्र्यांपाशी थांबत नाही. मी सांगितलेल्या त्याच सभेत कुत्र्यांनंतर पाच मिनिटांत मोकाट जनावरांचा ठराव झाला, चर्चा नाही. पुढच्या आठवड्यात कोंडवाड्यात गेल्या त्या शेळ्या, आणि दंड भरायला उभ्या होत्या त्या परित्यक्ता बाया, ज्यांची बँक म्हणजे त्या दोन शेळ्या. यातली एकीची तिसरी शेळी कुत्र्यांनीच फाडली होती. बिबट्याने मारली असती तर वनखात्याकडे भरपाई मागता आली असती. कोंबडीच्या दुकानांचंही तसंच. दुकानं हटवा, अशी मागणी लगेच येते आणि तिला लगेच जातीधर्माचा रंग चढतो. आपण मागायचं ते त्या कचऱ्यासाठी वेगळी, रोज येणारी गाडी.

तर नगरसेविकांनो, विषय लेखी द्या. तोंडी बोललेलं हशात जातं. प्रश्न आकड्यांत विचारा: गेल्या वर्षी किती कुत्र्यांची शस्त्रक्रिया झाली, ठेकेदाराला किती पैसे दिले, देखरेख समितीत कोण कोण आहे आणि ती किती वेळा बसली, दवाखान्यात लस आणि सिरम किती दिवस संपलेलं होतं, सार्वजनिक संडासाच्या वाटेवरचे किती दिवे बंद आहेत. शेवटचा प्रश्न आरोग्य विभागाचा नाही म्हणून टाळतील. महिला व बालकल्याण समितीतून तो पुन्हा आणा.

कार्यकर्त्यांनी उत्तराची वाट पाहू नये. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. दोघीतिघींनी पहाटे आपापल्या गल्लीतली कुत्री मोजायची. किती आणि त्यांत खाच असलेली किती, वहीत लिहायचं. भात घालणाऱ्या बाईला सोबत घ्या, तिला प्रत्येक कुत्रं ओळखीचं असतं. ठेकेदाराच्या बिलाशेजारी ही वही ठेवली की चर्चेचा सूर बदलतो.

चहानंतर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसू. कोरे अर्ज मागच्या टेबलावर आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प प्रत्येकीने आपापला लावायचा आहे.