कारणांना गुण असतात

वकीलबंधू-भगिनींनो आणि न्यायाधीश होण्याची उमेद बाळगून आलेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचा वारसा सांगणाऱ्या या सातारा नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

ही परिषद उत्तरलेखनासाठी भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. वकिलीसाठीच्या अखिल भारतीय बार परीक्षेत 100 वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. अचूक पर्याय निवडला की काम झाले. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाच्या मुख्य परीक्षेत मात्र कोरी पाने समोर येतात आणि भलेभले अडखळतात. कलम पाठ असते, पण उत्तर उभे राहत नाही.

एक प्रश्न घेऊ. कर्मचाऱ्याने कचेरीतली फाइल एका दिवसासाठी घरी नेली, मित्राकडून तिच्यातले कागद बदलून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती जागेवर ठेवली. ही चोरी का? पुष्कळ जण भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मधली व्याख्या पानभर उतरवतात आणि शेवटी ‘होय’ लिहून मोकळे होतात. अहो, व्याख्या तपासनिसाला ठाऊकच असते! फाइल कोणाच्या ताब्यातून गेली, संमती होती का, परत ठेवली तरी हेतू अप्रामाणिक कसा, हे त्याला तुमच्याकडून हवे असते. प्यारेलाल भार्गव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरते नेणेही चोरी ठरवले. तो निवाडा नुसता नोंदवू नका. या फाइलला तो का लागू पडतो, तेही लिहा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 4 मध्ये निकालपत्राची घडण सांगितली आहे: थोडक्यात हकीकत, मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि कारणे. परीक्षेतले उत्तर म्हणजे असेच छोटे निकालपत्र. उद्या तुमच्या निकालाने कुणाची जमीन जाईल, कुणाला तुरुंगवास होईल. त्या माणसाला ‘का’ हे कळण्याचा हक्क आहे. कारणे देण्याची सवय आजच्या उत्तरपत्रिकेतच लागते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. आज रात्री एक प्रश्न घ्या, घड्याळ लावा, हाताने उत्तर लिहा आणि उद्याच्या सत्रात तपासायला घेऊन या. इथे जमलेली ज्येष्ठ मंडळी ते आनंदाने वाचतील.