गाडीचा सेल्फ

मोटारीच्या ज्या अवयवाला ग्रंथकार ‘स्टार्टर मोटर’ म्हणतात, त्याला आपल्याकडचा मिस्त्री, मग तो पुण्याचा असो की भोपाळचा, नुसते ‘सेल्फ’ म्हणतो. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दातला पूर्वार्ध त्याने जवळ ठेवला आणि उत्तरार्ध सोडून दिला. या नावात इतिहासाचा एक तुकडा शिल्लक राहिला आहे. मोटार ‘आपली आपण’ सुरू होते, याचे एके काळी लोकांना खरोखर नवल वाटे. त्यापूर्वी गाडीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलट हिसका दिला की अंगठा किंवा मनगट मोडत असे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ बसविला. हे गृहस्थ पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर जोडण्याच्या कामावर होते. इंजिन फिरविण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणारच नाही, अशी तज्ज्ञांची समजूत होती. गल्ल्याचे यंत्र हाताळलेल्या केटरिंगला मात्र ठाऊक होते की, जी मोटर क्षणभरच राबायची तिच्यावर तेवढ्यापुरता वाटेल तितका भार टाकता येतो. सेल्फचे सारे मर्म यात आहे. दिवसभरात त्याला मिनिटभरही काम नसते; परंतु त्या अल्पकाळात तो बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर वीज ओढतो.

हे सारे मला सहा महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हते. मी इतिहासाचा एम. ए. आणि पेशाने सरकारी अधिकारी. टिपणे लिहिणे, लिहवून घेणे आणि त्यांवर सही करणे यात माझी वीस वर्षे गेली. आमच्या घरी, भोपाळला, १९८६ सालची एक पांढरी अँबॅसडर आहे. ती माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची. नाना सरकारी लेखापाल होते, आणि गाडी घेतल्या दिवसापासून तिची एक वही त्यांनी ठेवली आहे : तारीख, किलोमीटर, काम, कोणी केले, खर्च. लहानपणी नाना गाडीखाली पडून काही काम करीत तेव्हा विजेरी धरण्याची कामगिरी माझ्याकडे असे. प्रकाश जरा हलला की खालून आवाज येई, ‘‘अरे, चांदण्या मोजतोस काय?’’

आता नाना एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. हाताला कंप आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली, तेव्हा आमच्या कार्यालयाच्या आवारातून जुन्या अँबॅसडर गेल्या. ते ऐकून नाना म्हणाले, ‘‘आपली खासगी आहे, तिला दर पाच वर्षांनी नवा परवाना मिळतो.’’ मला वाटले, हे गाडीपेक्षा स्वतःविषयीच बोलत आहेत. मी विषय वाढविला नाही.

गेल्या श्रावणातल्या एका रात्री दोनच्या सुमारास नानांच्या छातीत कळ आली. त्यांना पुढच्या आसनावर बसवून मी किल्ली फिरविली. ‘टक्’ असा एकच आवाज झाला. पुन्हा फिरविली, पुन्हा टक्. आमच्या घरापुढे चढ आहे, त्यामुळे धक्का मारून गाडी सुरू करणे मी आणि पत्नी अशा दोघांच्या आवाक्यातले नव्हते. डिकीतले हँडल काढून मी दोन-तीनदा फिरविले. पाऊस पडत होता, हात थरथरत होते, आणि काचेआडून नाना मला हाताने काही खूण करीत होते. ती अंगठ्याची होती. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हिसका बसला तरी तो सुटतो. छातीत दुखत असताना त्यांना माझ्या अंगठ्याची काळजी होती. अखेर शेजाऱ्यांची गाडी आली. दुखणे हृदयाचे नसून पित्ताचे निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नाना घरी आले. परंतु त्यानंतर घरात जो तो एकच म्हणू लागला की, ही गाडी आता काढून टाकावी. नाना काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला फार जड गेले.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ही खोड नवी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी असेच ‘टक्’ झाले होते तेव्हा मी मिस्त्र्याला बोलावले, त्याने उभ्या उभ्या ‘‘साहब, बॅटरी गई’’ असा निकाल दिला, आणि मी नवी बॅटरी बसविली. गाडी सुरू झाली, म्हणून निकाल बरोबर ठरला. कार्यालयात कोणाला चौकशीवाचून निलंबित केले तर मी स्वतः त्या फायलीवर ताशेरा मारीन. पण बिचाऱ्या बॅटरीची मी चौकशी केली नव्हती. या वेळी ती करावी असे ठरविले. मिस्त्री गावाला गेला होता, हेही एक कारण होतेच. मी नानांना म्हणालो, ‘‘नाना, आपण दोघे पाहू या का?’’ ते म्हणाले, ‘‘मीटर आण.’’

पहिली परीक्षा दिव्यांची. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवायची. दिवे मालवल्यासारखे झाले तर बॅटरी दुबळी, तारांचे सांधे सैल, किंवा सेल्फ कुठेतरी अडकून बसला आहे असे समजावे. आमचे दिवे तसेच लख्ख राहिले. याचा अर्थ, वीज होती, पण वाहत नव्हती. मग नानांनी व्होल्टमीटरची एक टोचणी सेल्फच्या तांब्याच्या खुंटावर आणि दुसरी त्याच्या लोखंडी अंगावर धरायला सांगितली. किल्ली फिरताच काटा बाराच्या जवळ जाऊन उभा राहिला. म्हणजे बॅटरी, जाड तार, सोलेनॉइड, अंगाला जोडलेली अर्थिंगची पट्टी, ही सारी साक्षीदार मंडळी निर्दोष सुटली. वीज दारापर्यंत पोचत होती. आतला गडी उठत नव्हता. नानांनी शेवटची खात्री म्हणून सेल्फच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच दोन टोले द्यायला लावले. या खेपेला किल्ली फिरताच गाडी सुरू झाली. मिस्त्र्याची बॅटरी ‘बरोबर’ कशी ठरली होती, ते मला आता कळले. मोटरीतले कार्बन झिजले की ती कोणत्या जागी थांबते यावर सारे अवलंबून असते. एका जागी थांबली तर चालते, दुसऱ्या जागी थांबली तर टक् होते, आणि टोला बसला की कार्बन हलून पुन्हा तांब्याला टेकतो.

काढण्याच्या कामाविषयी थोडे सांगतो, कारण त्यात धोका आहे. प्रथम बॅटरीची, गाडीच्या अंगाला जोडलेली तार सोडवायची. तसे न करता सेल्फची तार सोडू गेल्यास पाना कुठेतरी लोखंडाला लागतो आणि ठिणग्यांचा पाऊस पडतो. गाडी उचलायची तर चाकांना दगड लावून, जॅकच्या भरवशावर न राहता खाली भक्कम घोड्या देऊन. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली नानांनी मला जाऊ दिले नाही. सेल्फ दोनच बोल्टांवर असतो. पण वरचा बोल्ट डिस्ट्रिब्युटरखाली इतक्या अडचणीत असतो की, तो बसविणाऱ्याला पुढे कोणी तो काढील असे वाटलेच नसावे. आदल्या रात्री त्यावर तेल सोडून ठेवले होते, तरी मला पाऊण तास लागला. विजेरी नानांनी धरली होती. प्रकाश कंप पावत होता. माझ्या ओठांवर चांदण्यांचे ते वाक्य आले होते. मी ते गिळले. थोड्या वेळाने नानाच म्हणाले, ‘‘दोन हातांनी धरतो, म्हणजे स्थिर राहील.’’

सेल्फ बाहेर आला तो चांगलाच जड निघाला. नानांचे मत, नवा घेऊ नये, कार्बन बदलावेत. म्हणून अंगणात वर्तमानपत्र पसरून आम्ही तो उघडला. चार कार्बनांपैकी दोन अगदी बोटाच्या नखाएवढे उरले होते. त्यांना नवी जोडी मिळाली असती. पण कॉम्युटेटरच्या तांब्यावर खोल चऱ्या पडल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे टोकाचे बुश झिजून आर्मेचर भोवतालच्या लोखंडाला घासत होते; त्या जागी आरशासारखी चकाकी आली होती. नानांनी चष्मा वर करून ती चकाकी बराच वेळ पाहिली, तिच्यावरून बोट फिरविले आणि म्हणाले, ‘‘याने फार ओढले रे. आता नवाच आण.’’

नवा सेल्फ शहरात हिंडून तिसऱ्या दुकानात मिळाला. जुन्याशेजारी ठेवून बोल्टांची छिद्रे, बेंडिक्सच्या चाकाचे दाते आणि दांड्याची लांबी ताडून पाहिली. दुकानदाराच्या ‘‘वही है, साहब’’वर विसंबलो नाही. हे छोटे चाक मळसूत्री दांड्यावर असते. मोटर झपाट्याने फिरताच ते पुढे फेकले जाऊन फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात शिरते, आणि इंजिन चालू झाले की मागे ढकलले जाते. दात्यांत फरक असेल तर कडे खरवडून निघते, आणि मग इंजिन उतरविण्याचा प्रसंग येतो. बसविण्याआधी टेकण्याच्या जागेवरचा गंज मी कानशीने घासून काढला, कारण सेल्फची परतीची वीज त्याच लोखंडातून जाते. दांड्यावर मी ग्रीस चोपडणार होतो, तोच नानांनी हात धरला. ग्रीसला धूळ चिकटते आणि चाक दांड्यावरच अडकून बसते. तेथे कोरडेच बरे.

संध्याकाळी सारे जोडून झाले. किल्ली नानांनी फिरविली. टक् झाले नाही. तो जुना, ओळखीचा, घरघरीत आवाज झाला आणि इंजिनाने घेतले. आम्ही तळ्याच्या काठाने एक फेरी मारून आलो. वाटेत नानांनी तीन ठिकाणी गाडी बंद करायला लावून पुन्हा सुरू करायला लावली.

रात्री त्यांनी वही काढली. तारीख घातली, किलोमीटर लिहिले, ‘सेल्फ नवा बसविला’ असे लिहिले. ‘कोणी केले’ या रकान्यात आजवर मिस्त्र्यांची नाही तर त्यांची स्वतःची आद्याक्षरे असत; तेथे त्यांनी वाकड्या अक्षरात माझे पूर्ण नाव लिहिले. मग खर्चाच्या रकान्यावर लेखणी ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आकडा सांगितला. तो न लिहिता ते म्हणाले,

‘‘पावती घेतलीस ना?’’