दूरदर्शनसंचावाचून संसार
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहाला एका उदार ज्ञातिबांधवांनी मोठ्या पडद्याचा दूरदर्शनसंच देऊ केला आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. तो स्वीकारावा की नम्रपणे परत करावा, याविषयी कार्यकारी मंडळात दोन तट पडले. आणि "ज्यांच्या घरी संच कधी आलाच नाही त्या गुरुजींना विचारा", असे कोणीतरी सुचविले. त्यामुळे आज आम्हांस येथे उभे राहण्याची आज्ञा झाली आहे. ज्यांनी आमचे नाव सुचविले त्यांची अशी खात्री असावी की, आम्ही संचाविरुद्ध कडकडीत भाषण करून देणगी परत पाठवू. त्यांची थोडीशी निराशा होण्याचा संभव आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

संचावाचून राहणाऱ्या गृहस्थाकडे लोक दोन दृष्टींनी पाहतात. काहींच्या मते तो कंजूष असतो, काहींच्या मते साधू. आमच्या मुलीला पाहावयास आलेल्या एका मंडळींनी भिंतीकडे दोनदा पाहून आमची सांपत्तिक स्थिती ठरवून टाकली होती, असे मागाहून मध्यस्थांकडून कळले. उलट आमचे काही माजी विद्यार्थी आम्हांस वाकून नमस्कार करताना "गुरुजींनी मोह जिंकला" असे म्हणतात. वस्तुस्थिती यांपैकी कोणतीही नाही.

तरुण मंडळींस कदाचित ठाऊक नसेल म्हणून थोडा मागील इतिहास सांगतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्याच्या परिसरात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. त्या काळी संच बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. सबंध आळीत एखाद्याच कौलावर ॲन्टेनाच्या त्या काड्या दिसत, आणि ज्याच्या घरी संच, त्याच्या माजघरावर सर्व आळीचा हक्क असे. शनिवारी मराठी चित्रपट असला की सतरंज्या अंथरल्या जात. पुढे मुले, मागे बायका, आणि उंबऱ्याशी, जणू काही सहज थांबलो आहोत अशा आविर्भावात, पुरुषमंडळी. चित्र हलू लागले की घरचा मुलगा कौलावर चढून काठी फिरवी, आणि खालून एकच गिल्ला होई, "आलं, आलं... गेलं!" 'गजरा' आणि 'चिमणराव' आम्ही असेच परक्याच्या माजघरात बसून पाहिले व पोटभर हसलो. घरमालकीण मध्येच सर्वांना पाणी देई, आणि तिने ते देणे हा आपला हक्कच आहे असे आम्ही सर्व समजत होतो.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, तेव्हा ज्याच्या घरी संच नसे तो एकटा पडत नसे. शिवाय कार्यक्रम संपत असे. रात्री प्रक्षेपण बंद झाले की घरधन्याला दिवा मालवून माणसांना वाटेला लावता येई.

पुढे १९८२ साली रंगीत चित्र आले, १९८४ साली देशभर झपाट्याने प्रक्षेपक उभे राहिले, आणि पाहता पाहता प्रत्येक घराचा संच स्वतंत्र झाला. १९८७ च्या २५ जानेवारीपासून रविवारी सकाळी साडेनऊ वाजता 'रामायण' दिसू लागले, तेव्हा आपल्या संस्थेची दरमहाची सकाळची सभा दुपारी चार वाजता घ्यावी लागली, हे जुन्या सभासदांस स्मरत असेल. 'रामायण' १९८८ च्या जुलैत संपले. सभा मात्र पुन्हा सकाळी आली नाही, कारण ऑक्टोबरात 'महाभारत' सुरू झाले. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि कार्यक्रम संपण्याची वेळच उरली नाही. हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनी घड्याळाकडे पाहू लागल्या. पाहुणा दारात आला असता संचाचा आवाज कमी करणे हाच आदरसत्कार मानला जाऊ लागला. आमच्या दृष्टीने खरा पालट येथे झाला. पूर्वी जी वस्तू शेजाऱ्यांना घरात आणीत होती, तीच वस्तू त्यांना आपापल्या घरात बसवू लागली.

आता आमच्या घराविषयी. प्रारंभी आम्ही संच घेतला नाही, कारण पैसे नव्हते. शिक्षकाच्या दोन महिन्यांच्या पगाराहून त्याची किंमत अधिक होती, आणि घरात आजारी वृद्ध आई होती. ज्याच्या हाती पैसाच नाही त्याने "आम्ही त्याग केला" असे म्हणू नये. निवडीचा प्रसंग आला तो पाचव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार वाढल्यावर. तेव्हा मुले शाळकरी होती व हट्ट धरून बसली होती, आणि एक हप्त्यांवर संच देणारे दुकानदार घरी येऊन चहा घेऊन गेले होते. त्या रात्री आम्ही आमचे मत सांगितले की, संच घेऊ नये. मुलांनी तोंडे फुगविली. आमच्या सौभाग्यवती मात्र जे बोलल्या ते आजतागायत कानांत आहे. त्या म्हणाल्या, "संच नको म्हणता, तर माझी ना नाही. पण मग संध्याकाळी सहा ते नऊ तुम्ही घरात बसायचं. तुम्ही चौकात पारावर गप्पा मारणार, आणि मुलांची करमणूक मी पोळ्या लाटता लाटता करायची, हे व्हायचं नाही."

बंधुभगिनींनो, संचावाचून राहण्याचे सर्व शास्त्र या दोन-तीन वाक्यांत आले. संच नसला म्हणजे संध्याकाळ आपोआप वाचनाने, भजनाने आणि सद्विचारांनी भरून जाते, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. ते खरे नव्हे. रिकामी संध्याकाळ प्रथम कंटाळ्याने भरते व नंतर भांडणाने. ती भरण्याचे काम कोणाला तरी अंगावर घ्यावे लागते, आणि पुरुषाने ते न घेतल्यास ते न सांगता घरच्या स्त्रीच्या अंगावर पडते. ज्या घरात नवरा मोठ्या तत्त्वनिष्ठेने संच नाकारतो व जेवणापुरता घरी येतो, त्या घरातील स्त्रीने खुशाल संच विकत आणावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही पारावर जाणे सोडले. लसूण सोलणे, भाजी निवडणे, उद्याचे तांदूळ पाखडणे ही कामे आमच्याकडे आली व ती करता करता पाढे, गोष्टी, कोडी, गावातल्या जुन्या वाड्यांच्या हकिगती असे काहीबाही चाले. पत्ते व बुद्धिबळ यांस आमच्या घरी मज्जाव नव्हता. आकाशवाणीचा संच होताच. बातम्या आणि नाट्यसंगीत त्यावर ऐकत असू. महिन्यातून दोनदा मुले काकांच्या घरी जाऊन चित्रपट पाहून येत आणि आल्यावर सबंध चित्रपट आम्हांस साभिनय सांगत. तो मूळ चित्रपटापेक्षा नक्कीच अधिक लांब होई.

यामुळे मुले विद्वान झाली काय, असे कोणी विचारतील. नाही. ती चारचौघांच्या मुलांसारखीच निघाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत संच असलेल्या घरांतून आलेले अत्यंत हुशार विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत आणि संच नसलेल्या घरांतून आलेले ठोंबेही. तेव्हा परीक्षेच्या गुणांसाठी कोणी संच टाकू नये. आम्हांस लाभ झाला तो निराळा. आमची मुले, आता चाळिशीकडे झुकली असूनही, संध्याकाळी एकमेकांशी बोलण्यास अवघडत नाहीत.

मुलाच्या लग्नाच्या वेळी हा विषय पुन्हा निघाला. आपल्या ज्ञातीत मुलीबरोबर भांड्यांचा संच, कपाट आणि दूरदर्शनसंच देण्याची चाल पडली आहे. ती मागणी नव्हे, "हौस" आहे, असे दोन्ही बाजूंनी म्हणण्याची रीत आहे. आमचे व्याही सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही काही मागत नाही, पण मुलगी तुमच्याकडे यायची. तिनं संध्याकाळी काय करायचं?" प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर व्याह्यांनी किंवा आम्ही देणे रास्त नव्हते. म्हणून तो आम्ही मुलीलाच विचारला. ती थोडी लाजली, आणि मग अगदी मोजून बोलली, "मामंजी, घरात नसला तर चालेल. पण मला एखादी मालिका शेजारी जाऊन पाहावीशी वाटली, तर कोणी टोचून बोलू नये." हा करार आम्ही मान्य केला व पाळला. सूनबाई आजही आठवड्यातून दोन-तीन दिवस शेजारच्या वहिनींकडे जातात, आणि त्या घराशी आमचा जो घरोबा झाला आहे तो त्या मालिकेचाच प्रसाद आहे. व्याह्यांनी संचाच्या पैशांचे काय केले ते त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही.

संच नसल्याची खरी अडचण २०२० साली आली. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासमालिका दाखविली जाऊ लागली. ज्या घरांत चांगला भ्रमणध्वनी नव्हता त्यांना तिचा मोठाच आधार झाला. आमचा नातू तोंडाला फडके बांधून शेजारच्या ओसरीवर बसून खिडकीतून ती पाही. निवृत्त शिक्षकाच्या नातवाने पाठ पाहण्यासाठी दुसऱ्याच्या खिडकीशी बसावे, याची आळीत थोडी थट्टा झाली, आणि आम्ही ती निमूटपणे ऐकून घेतली. चांगल्या वस्तूला वाईट म्हणून आपली निवड शोभिवंत करण्याची आम्हांस इच्छा नाही.

आणि आता तर त्या निवडीचा अर्थच पालटला आहे. भिंतीवर संच नाही, पण प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. आमच्या मुलाच्याही आहे, आमच्याही आहे. माजघरातल्या संचाविषयी निदान सर्वांचा मिळून एक तंटा होई, कारण एका वेळी एकच कार्यक्रम दिसे. आता तंटाही होत नाही. एकाच खोलीत चौघे बसलेले असतात, आणि कोण हसले ते कळते, का हसले ते कळत नाही.

या बाबतीत सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने जे केले ते सभेने ध्यानात घ्यावे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सुमारे तीन हजार वस्तीच्या त्या गावाने असे ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शनसंच व भ्रमणध्वनी बंद करावयाचे, ते साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा बोलावे. ही कल्पना प्रथम मांडली तेव्हा पुरुषांनी तिची टवाळी केली. मग ती स्त्रियांपुढे मांडली गेली आणि तेथे तिला पाठिंबा मिळाला. प्रारंभी भोंगा वाजूनही लोक उठेनात, तेव्हा ग्रामपंचायतीचे सेवक व काही गावकरी घरोघर फिरून विनवीत. आमच्या सौभाग्यवतींना ही हकिगत वाचून दाखविली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरुष हसले असणारच."

हा प्रयोग जगात अगदीच नवा नव्हे. उत्तरेकडील आइसलंड या लहानशा देशात सरकारी दूरचित्रवाणी १९६६ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून १९८७ पर्यंत तेथे गुरुवारी कार्यक्रमच दाखवीत नसत. तेथे सरकारी केंद्राने प्रक्षेपण बंद ठेवले होते, वडगावात लोकांनी आपल्या हातांनी कळ दाबली, एवढा भेद आहे. परंतु दोन्ही ठिकाणी सर्वांचा संच एकाच वेळी बंद. आम्ही जे एकट्या घराने केले त्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे, कारण शेजारच्या मुलाचाही पडदा बंद आहे म्हटल्यावर आपल्या मुलाला बाहेर खेळावयास गडी मिळतो.

आता वसतिगृहाकडे येतो. तेथील मुले खेड्यांतून आलेली, आईबापांपासून दूर राहिलेली आहेत. आम्ही आमच्या घरात संच नाकारला तो घरातल्या माणसांशी बोलून, त्यांच्या अटी मान्य करून, आणि त्याचे मोल स्वतः देऊन. सभासदांनी येथे बसून, स्वतःच्या घरी संच ठेवून, त्या मुलांसाठी तो नाकारणे यात कसली निवड आली? शिवाय मुले आज रात्री काय करतात ते अधीक्षकांना विचारावे. आपापल्या खाटेवर पांघरुणाखाली आपापला पडदा घेऊन ती पडलेली असतात. त्यापेक्षा एका पडद्यापुढे सगळी मुले सतरंजीवर बसून क्रिकेटचा सामना पाहतील, एकदम ओरडतील, कोणता कार्यक्रम लावावा यावरून भांडतील, तर आम्हांस ते अधिक बरे वाटेल.

म्हणून आमचे मत असे आहे की, देणगी आभारपूर्वक स्वीकारावी. संच भोजनगृहात ठेवावा. खोल्यांत किंवा अधीक्षकांच्या निवासात नव्हे. तो किती वाजता लावावा, किती वाजता बंद करावा, आणि त्या बंद वेळेत भ्रमणध्वनीही एका पेटीत ठेवावेत की नाही, हे मुलांच्या सभेने ठरवावे. त्या सभेला कार्यकारी मंडळापैकी कोणीही हजर राहू नये. दात्यांची हरकत नसेल तर पडदा एक आकार लहान घेऊन उरलेल्या रकमेत दोन कॅरम आणि एक बुद्धिबळाचा पट घ्यावा. आणि आपल्यापैकी जे निवृत्त सभासद जवळपास राहतात त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे जाऊन बसावे, उपदेश न करता. मंगळवार आम्ही घेतो. ही सूचना चिटणीसांकडे लेखी दिलेली आहे. तीवर मत घेण्यापूर्वी मुलांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे.