ब्रह्मा घाटावरील द्वैत

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. हिमालयातून निघून समुद्राकडे जावयाचे, हा जिचा धर्म, ती नदी येथे पुन्हा हिमालयाकडे तोंड करून वाहते. पण म्हणून ती उगमाकडे परतत नाही. तिचे पुढे जाणेच येथे परतण्यासारखे दिसते. अशा नगरीत द्वैत आणि अद्वैत यांचा वाद शतकानुशतके चालावा, यात नवल ते काय?

पंचगंगा घाटाच्या उत्तरेस, दुर्गा घाटाला लागून ब्रह्मा घाट आहे. या परिसरात महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली. याच घाटावर वैष्णव गौड सारस्वतांच्या काशी मठ संस्थानाचा मूळ मठ आहे. सोळाव्या शतकात उदयास आलेली ही परंपरा मध्वाचार्यांची, म्हणजे द्वैताची. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड असे पाच भेद तिच्या मते नित्य आणि सत्य आहेत. मोक्षातदेखील जीव ईश्वर होत नाही. तो त्याचा सेवकच राहतो. विश्वनाथाच्या नगरीत, जेथे देह ठेवल्याने जीव शिवरूप होतो असे असंख्य यात्रेकरू मानतात, तेथे हा मठ उभा आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. याच ज्ञातीची स्मार्त शाखा गोव्यातील कवळे मठाला मानते. तो मठ गौडपादाचार्यांचे नाव सांगतो. आणि गौडपाद तर शंकराचार्यांचे परमगुरू, अद्वैताचे आद्य प्रवक्ते! एक ज्ञाती, एक भाषा आणि तत्त्वज्ञाने परस्परविरोधी. तरीही कुलदेवतेपुढे दोन्ही शाखा एकत्र येतात. विष्णूला सर्वोत्तम मानणारी अनेक घराणी मंगेशाला, म्हणजे शिवालाच, कुलदैवत मानतात. कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा तर याहून बोलकी आहे. शिव आणि विष्णू यांचे युद्ध जुंपले, तेव्हा ब्रह्मदेवाच्या विनंतीवरून देवी मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांनाही शांत केले. तिने कोणाला जिंकून दिले नाही, की दोघांना एकमेकांत विरघळविलेही नाही.

मग सत्य कोणते? सर्व एकच असेल, तर भक्ती कोणी कोणाची करावी? आणि भेदच अंतिम असेल, तर दुसऱ्याच्या दुःखाने आपले डोळे का भरून यावेत? मणिकर्णिकेवर चितेशेजारी उभ्या असलेल्या पुत्राला हे दोन्ही प्रश्न एकाच क्षणी भेडसावतात. गेलेला आपल्याहून वेगळा होता, म्हणून तो गेला आणि आपण उरलो. तो वेगळा नव्हता, म्हणून आपलेही काही त्याच्याबरोबर गेले.

शंकराचार्यांविषयीची एक आख्यायिका याच काशीतील आहे. वाटेत आलेल्या चांडाळाला त्यांनी दूर सरण्यास सांगितले. त्याने विचारले, ‘दूर कोणी व्हावे? अन्नमय देहाने, की सर्वत्र असलेल्या आत्म्याने?’ आचार्यांनी त्याच्यापुढे मस्तक नमविले, असे कथा सांगते. तिच्यातील बोच अजून शमलेली नाही. ग्रंथात अद्वैत शिकविणारा समाज रस्त्यावर शिवाशीव पाळीत राहिला. मध्वांच्या पाच भेदांत न बसणारा हा सहावा भेद, उक्ती आणि कृती यांतला. दर्शनांच्या भेदाने माणसाचा अपमान होत नाही. या भेदाने मात्र होतो.

एकनाथांनी एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ साली काशीतच पूर्ण केली. ऐक्य जाणूनही भक्तीसाठी देव आणि भक्त हे दोनपण त्यांनी प्रेमाने सांभाळले. आणि संस्कृत ज्ञानाला सामान्यांची मराठी दिली. एकत्व समजण्यासाठी आहे आणि दोनपण प्रेमासाठी, असे मानले तर ब्रह्मा घाटावरील वाद मिटणार नाही. पण तो मिटलाच पाहिजे, असेही मग वाटणार नाही. समोरच्या माणसाला आपल्याहून वेगळा म्हणून मान द्यावा आणि आपलाच म्हणून त्याचे दुःख वाहावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.